पावती क्रमांक चारशे तेरा

शेवटची फाडली ती चारशे बारा.
दोन मोठे, प्रत्येकी वीस; लहानाचे आम्ही घेत नाही.
सिडकोतून आले होते, एका स्कूटरवर तिघं.
पोरानं विचारलं, वर माकडं आहेत का?
म्हटलं आहेत, वडापाव इथंच संपव.
दुसऱ्या दिवशी नाशिकहून आदेश आला
फोनवर, तिरका स्कॅन केलेला,
आणि आम्ही गडाच्या वाटेवर वेळू आडवा बांधला.

वेळूच्या आत गड,
बाहेर लीलाबाई झोलेचं पिठलं,
काकडीचं टोपलं, मीठ-मिरचीची पुडी,
आणि नऊ गाइड पोरं, गळ्यात लॅमिनेट केलेली ओळखपत्रं.
वैशाखात करवंदं पिकली. बायांनी सवयीनं द्रोण केले.
कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.
पेपरात आलं, निसर्ग मोकळा श्वास घेतोय.
खोटं नाही.
पायरीच्या फटीत गवत आलं,
गिधाडं खालच्या कपारीवर उतरली,
मी स्वतः मोजली, सात.
मग घरी गेलो
आणि डब्यातले तांदूळही मोजले.

लोक मागच्या धारेनं चोरून चढायचे.
पकडलेल्यांत एक सिव्हिलची नर्स होती,
नाकावर मास्कचा वळ.
वर नाही जात म्हणाली, इथं बसू द्या.
नियमात चढण्याबद्दल होतं,
बसण्याबद्दल काही नव्हतं.
खुर्ची दिली, सहा फूट मागं सरलो.
तासभर कड्याकडं बघत बसली आणि गेली.
रजिस्टरात नोंद केली नाही.
आत्ता करतोय.

दिवाळीच्या आधी साहेब आले.
शाळेच्या पटांगणात चुन्याचे गोल,
गोलात एकेक माणूस, एका गोलात कुत्रं.
फॉर्मवर एक चौकोन :
पर्यटकांची दैनिक कमाल संख्या.
साहेब म्हणाले, शंभर लिहा.
खजिनदार रंगनाथ दिवे गोलाबाहेर आला,
ओशाळून परत आत गेला,
म्हणाला, शंभर कुठून काढले?

झरा मोजा ना, साहेब.
पाऊस सरताना दोनशे हंडे देतो, चैत्रात साठ.
गावाला सत्तेचाळीस लागतात, गुरांना नऊ.
उरले चार.
हंड्याला पाच माणसं धरा.
चैत्रात वीसच येऊ द्या,
मग आजार असो नसो.

साहेब हसले नाहीत.
त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.
म्हणाले, पण चौकोन एकच आहे हो, बारा महिन्यांचे बारा नाहीत.
आम्ही चौकोनात लिहिलं : झऱ्याला विचारून.
दीड महिन्यानं फॉर्म परत आला,
लाल शाईत शेरा : अंकात लिहावे.

अंकात लिहायला रंगनाथ राहिला नाही.
दुसऱ्या लाटेत, नाशिकरोडला,
बेड मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी.
गावाला तो फोनवरच दाखवला,
रेंज नव्हती म्हणून टेकडीवर चढून आम्ही पाहिला.
चौकोनात मग मी शंभर लिहिले.
लिहिले, आणि झरा मोजायला लागलो.

आज माघात वेळू काढला.
पहाटे भरले चौऱ्याहत्तर हंडे.
गाव वजा, गुरं वजा, अठरा.
नव्वद माणसं.
गेटवर दोन बस उभ्या आहेत,
एकजण मोबाइलमधलं लशीचं सर्टिफिकेट
माझ्या नाकासमोर धरून म्हणतोय, दोन्ही डोस झालेत आमचे,
आता कसली मोजामोज?

मी पेटीतून पावतीपुस्तक काढलं.
रंगनाथची खोड होती,
घाईच्या वेळी शोधाशोध नको म्हणून
सह्या आधीच करून ठेवायचा, साडेचारशेपर्यंत.
तालुक्याचे लोक म्हणतात, त्या रद्द करा.
नियमानं बरोबर आहे.
लीलाबाई म्हणते, चढू दे की अडतीस माणसं त्याच्या सहीनं.

चारशे तेरा लिहिली. नाव, गाव, तारीख, वीस रुपये.
फाडून दिली.
दोन वर्षांत कार्बन वाळून गेला होता.
आमच्याकडच्या प्रतीवर काहीच उमटलं नाही,
खाली उजव्या कोपऱ्यात
निळसर,
त्याची तेवढी सही.